हिरवं बटण

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, बहिणीपाशी तर नाहीच — आणि ज्या माणसाला हे सगळ्यात आधी कळायला हवं होतं, त्याच्या घरी मी दर सणावाराला जाऊन, पाटावर बसून, आग्रहाचं जेवून येतो. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला जी हिंमत लागते ती माझ्यात नाही, एवढं आधीच धरून चाला.

कुठून सुरुवात करू? लाकडापासून करतो. लाकडाची मला लाज वाटत नव्हती.

अकोल्याच्या एका सरकारी कार्यालयात मी नकाशे काढायचो. घर अमरावतीला, साईनगरच्या बाजूला. रोज गाडीनं जाणं-येणं. घरामागे टिनाची एक खोली होती, तिथे मला सुतारकामाचा नाद लागला. आणि खरं सांगायचं तर, खुर्ची-टेबल बनवण्याचा नाद नव्हताच तो. मला साधनं बनवायला आवडायचं. लाकूड सरळ कापता यावं म्हणून खाचेतून सरकणारी गाडी, काटकोन चुकू नये म्हणून ठोकळा, चिकटवलेल्या फळ्या धरून ठेवायला आटे पाडलेल्या सळईचे शिकंजे. एकच माप शंभरदा बिनचूक निघावं म्हणून जे साधन बनवतात त्याला जिग म्हणतात. माझ्या खोलीत वस्तू कमी आणि जिगच जास्त होते. बायको म्हणायची, "एक पाट मांगतला तं सहा महिने झाले, अन् पाट बनवाची मशीन तेवढी तयार आहे." मी हसायचो. मला ती स्तुतीच वाटायची.

हातात धरून चालवायचा गोल पात्याचा कटर असतो ना, तो मी उलटा करून प्लायवूडच्या टेबलाखाली बसवला होता. पातं टेबलाच्या फटीतून वर आलेलं, कटरचा घोडा, म्हणजे बोटानं दाबायची कळ, पट्टीनं कायमची दाबून बांधलेली, आणि चालू-बंद करायला टेबलाच्या कडेला वेगळा स्विच — हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. झाली टेबलावरची करवत. दुकानातल्यासारखी. दुकानातल्यापेक्षा चांगली, असं मी म्हणायचो. दर रविवारी शहरातले पाच-सहा हौशी लोक माझ्याकडे जमायचे, त्यांना मी ऐकवायचो — "इकत घेते तो गिऱ्हाईक, सोता बनवते तो कारागीर." हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हटलंय की आता आठवलं तरी तोंड कडू होतं.

त्या स्विचबद्दल सांगायला हवं. टाळून चालणार नाही.

आपल्याकडे लाइन जाते. काम अर्ध्यावर असताना जाते आणि आपण विसरलो की येते. साध्या स्विचवर मशीन चालत असली आणि लाइन गेली, तर पातं थांबतं, पण स्विच आत चालूच राहतो. लाइन आली की पातं आपोआप फिरायला लागतं. म्हणून अशा मशीनला एक खास स्विच लावतात. त्याच्या आत एक छोटी कॉइल असते. लाइन गेली की तो स्वतःच सुटतो, आणि लाइन परत आली तरी कुणी हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. माझ्या मशीनला तो होता. अकोल्याच्या एका हार्डवेअरवाल्याकडून मी तो आणला होता. पण बाहेरून तस्साच दिसणारा, तसंच हिरवं-लाल बटण असलेला, आत कॉइल नसलेला साधा स्विचही मिळतो. दोन्ही शेजारी ठेवले तर उघडल्याशिवाय तुम्हाला फरक कळणार नाही. मला कळतो.

आता दिलीपराव.

माझी धाकटी बहीण वंदना चांदूर बाजारला दिली आहे. दिलीपराव तिचे यजमान — आमचे भाटवे. त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी. जंबेरीच्या रोपाला चीर द्यायची, त्यात संत्र्याच्या फांदीवरून काढलेला डोळा बसवायचा आणि पट्टीनं बांधायचा — हे काम त्यांच्यासारखं त्या भागात कुणाचं नव्हतं, असं लोक म्हणायचे. अंगठा आणि दोन बोटं. नजर समोरच्या माणसाकडे, गप्पा चालू, आणि बोटं आपली आपलं काम करत राहायची. अंजनगावपर्यंतचे बागवाले सांगायचे, दिलीपरावांनी बांधलेला डोळा मरत नाही. मी पाहत बसायचो. हेवा वाटायचा का? वाटत असेल. मला त्या कामासाठी जिग लागला असता.

त्यांना बहराच्या वेळी बागेत मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या होत्या, आणि त्या स्वतः बनवायच्या होत्या. माझ्याकडे आले, मशीन पाहिली, आणि लहान पोरासारखे खूश झाले. "भाऊ, मले अशीच करून द्या," म्हणाले. "पेटीच्या कोपऱ्याले ते दातात दात बसवते, तसं झालं पायजे." मी हरखलो. दातात दात बसवायचा जिग हे तर माझं खास काम. दोन महिने मी त्या मशीनवर घालवले. त्यांच्यासाठी मी तेवढं केलं, असं सगळे म्हणायचे. मी माझ्यासाठी करत होतो.

रविवार ठरला. आमचा सगळा ग्रुप चांदूर बाजारला जाणार, मशीन सुरू करायची, वंदनाच्या घरी सगळ्यांचं जेवण. मी सगळ्यांना कळवून मोकळा झालो. आणि शुक्रवारी अकोल्याच्या त्या दुकानात गेलो तर तो स्विच नव्हता. "आठ दिवसानं येईन साहेब," दुकानदार म्हणाला.

आठ दिवस. एवढंच थांबायचं होतं. माझ्या मशीनचा काढून त्यांना लावता आला असता. किंवा साधा लावून सांगता आलं असतं — दिलीपराव, हा तात्पुरता आहे, लाइन गेली की आधी लाल बटण दाबा. दोन वाक्यं. का नाही बोललो? कारण मशीन अपुरी आहे हे त्या लोकांसमोर मला म्हणायचं नव्हतं. बस, एवढंच. याच्यामागे दुसरं काही शोधू नका.

मी ड्रॉवरमधला साधा स्विच लावला.

आणि गप्प राहिलो असतो तरी एक वेळ… पण मी गप्पही राहिलो नाही. रविवारी अंगणात सगळे उभे होते, वंदना चहा घेऊन आली होती, आणि मी टेबलावर हात ठेवून भाषण देत होतो. म्हणालो, "दिलीपराव, लाइन गेली तं बटण बंद कराचीबी गरज नाही. हा स्विच सोताच सुटते. लाइन आली तरी मशीन सुरू होनार नाही. बेफिकीर राहा."

बेफिकीर राहा. माझेच शब्द. त्यांनी मान हलवली. त्यांचा माझ्यावर विश्वास होता, आणि मी तो अंगणात सगळ्यांदेखत, चहाचा घोट घेत घेत…

नंतर स्विच आला. दुकानदाराने फोनही केला होता. मी विसरलो असं म्हणायला मला आवडलं असतं. मी विसरलो नव्हतो. चांदूर बाजारचं नाव निघालं की आठवायचं. पण बदलायला जायचं म्हणजे काय सांगून बदलायचा? त्या दिवशी मी जे बोललो ते खोटं होतं, हे सांगून? काहीतरी निमित्त काढून गुपचूप बदलू, असं म्हणत राहिलो. पुढे तर मला वाटायला लागलं की काही होत नाही. इतके दिवस झाले, काही झालं का?

मग सुटीच्या एके दिवशी दुपारी वंदनाचा फोन आला. ती बोलत नव्हती, नुसती ओरडत होती.

दिलीपराव अंगणातल्या मांडवात पेट्यांच्या फळ्यांना दात पाडत होते. लाइन गेली. पातं थांबलं. एक ढलपी पातं आणि टेबल यांच्या फटीत अडकली होती. त्यांनी लाल बटण दाबलं नाही — का दाबतील? मी सांगितलं होतं ना. ते ढलपी काढायला बसले. उजव्या हाताने. आणि लाइन आली.

पहिलं बोट मुळापासून, मधलं अर्ध्यावर, आणि अंगठ्याचं टोक.

मी अमरावतीच्या दवाखान्यात त्यांच्याआधी पोचलो होतो. जीपमधून त्यांना उतरवलं तेव्हा हाताला लुगड्याचा बोळा गुंडाळला होता. मला पाहून ते म्हणाले, "भाऊ, लाइन आली अन् ते आपोआपच सुरू झालं." ओठ पांढरे पडले होते त्यांचे. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "आता बोलू नका, शांत राहा." माणसं म्हणाली, किती धीराचा साळा आहे. मला त्यांना गप्प करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदनानं माझ्या हातात घराची किल्ली दिली. म्हणाली, "दादा, घरी जाऊन ये. मांडव तसाच पडून आहे. मले तिथं जाववत नाही." मी हो म्हणालो. दवाखान्यातून निघालो आणि सरळ चांदूर बाजारला गेलो नाही — आधी साईनगरला माझ्या घरी गेलो. टिनाच्या खोलीत शिरलो. माझ्या मशीनचा स्विच काढला. पेचकस आणि चिमटा घेतला. बायकोनं विचारलं तर म्हणालो, वंदनाच्या घरची लाइन पाहायची आहे.

सांगायचं ते हे आहे. आत्तापर्यंत जे सांगितलं ती चूक होती. चूक माणसाकडून होते. पण ही चूक नव्हती. हे मी शुद्धीत, सकाळी, चहा पिऊन केलं.

मशीन मांडवात होती. टेबलावर रक्त वाळून काळं झालं होतं, त्यावर भुसा चिकटला होता, माश्या बसल्या होत्या. मी स्विच बदलला. सराईत हात, वेळ लागला नाही. मग पाहिलं — जुन्या स्विचवर रक्ताचे शिंतोडे होते, नव्यावर नव्हते. ते कुणाच्या ध्यानात येईल? येऊ शकतं. म्हणून मी बादली घेतली आणि सगळंच पुसलं. टेबल, जिग, खालची फरशी. नव्या स्विचवर थोडा भुसा आणि तेलाचं बोट फिरवलं, म्हणजे तो जुना दिसावा.

पुसता पुसता जिगची गाडी हाताने सरकवली. ती जराही न अडखळता सरकली, पहिल्या दिवसासारखी. आणि मला बरं वाटलं. तिथे, हातात रक्ताचं फडकं असताना, क्षणभर मला माझ्या कामाचा अभिमान वाटला. मला वाटतं, बाकी सगळं एक वेळ कुणी समजून घेईल. हे नाही. मला स्वतःलाही अजून हे गिळता आलेलं नाही.

जुना स्विच वलगावच्या पुलावरून खाली टाकला. संध्याकाळी दवाखान्यात परत आलो तर वंदना माझ्या हाताला धरून रडली. पुढे कित्येकांना तिने सांगितलं — "दादानं सारं पुसून ठेवलं बापा, मले डोयानं पाहू नाही देलं." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इथेही थांबता आलं असतं. थांबलो का?

दिलीपराव घरी आल्यावर त्यांचे थोरले भाऊ सुभाषराव मला म्हणाले, सगळ्यांसमोर म्हणाले, "मशीनमधेच फॉल्ट आहे. घरी ठोकलेली मशीन ते. आपोआप सुरू झाली म्हंते तो, तं झाली असन." त्या सगळ्यांत तो एक माणूस नीट विचार करत होता. मी रागावलो. खरंच रागावलो, नाटक नव्हतं — याची मला जास्त किळस येते. मी म्हणालो, चला, सगळे चला मांडवात.

सगळे आले. दिलीपराव पण आले, हात गळ्यात बांधलेला. मी हिरवं बटण दाबलं, पातं फिरलं. मग वंदनाला सांगितलं, मेन स्विच बंद कर. पातं थांबलं. "आता चालू कर." तिने चालू केला. वरचा बल्ब लागला, पंखा फिरला. पातं हललं नाही.

"अजून एकदा," मी म्हणालो. पुन्हा तसंच. पातं जागच्या जागी.

मी दिलीपरावांकडे वळून, अगदी समजुतीच्या सुरात — तो सूर मला अजून ऐकू येतो — म्हणालो, "ढलपी काढता काढता डावा हात बटणावर गेला असन, दिलीपराव. ध्यानात नाही राहत मानसाच्या. तुमचा दोष नाही."

ते मशीनकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "माहा डावा हात टेबलावर होता." थोडं थांबले. "मले वाटते."

मले वाटते. पहिल्या वाक्यात त्यांना माहीत होतं. दुसऱ्यात नव्हतं. मधल्या त्या श्वासात काय झालं ते मी उभ्या उभ्या पाहिलं. एका सरळ माणसाच्या डोक्यात हात घालून मी त्याची आठवण काढून घेतली होती, आणि तो माझ्याकडे अशा नजरेने पाहत होता की जणू मीच ती शोधून देईन.

"मंग मीच दाबलं असन," ते म्हणाले.

सुभाषरावांनी जाताना माझ्यापुढे हात जोडले. "बोलून गेलो, मनावर घेऊ नका." मी म्हणालो, चालायचंच.

त्यानंतरचं काय सांगू? बोटांचं सांगायची गरज नाही. डोळा बांधणं संपलं. नर्सरीत आता बाहेरची माणसं लावतात. दिलीपराव वाफ्याच्या कडेला उभे राहून "जरा खाली चीर दे" एवढं म्हणतात. अंजनगावचे लोक कलमं नेतात अजून, पण "तुमच्या हातची आहेत का" असं विचारत नाहीत.

पण बोटं गेली ती एकदाच गेली. दुसरं जे गेलं ते रोज जातंय. वंदनाच्या मनात बसलं की नवऱ्यानं स्वतःची चूक लपवायला भावाच्या मशीनवर ढकललं. ती वाईट बाई नाही. तिनं हाताचं सगळं केलं, घास भरवले. पण बोलण्यात ते येतच राहतं. घरात काही सांडलं, काही हरवलं, कुठे काही चुकलं — "तुमी काय, तुमचं आपोआपच होते." माझ्यासमोर म्हणते, हसत म्हणते. दिलीपरावही हसतात. मीही हसलोय.

आणि दिलीपरावांचा स्वतःवरचा भरवसा गेला. गाडी चालवणं त्यांनी सोडलं. बाहेर पडताना गॅसचं बटण बघतात, दोन पावलं जाऊन परत येऊन बघतात. वंदना चिडते. एकदा ते मला हळूच म्हणाले, "भाऊ, मले हाताचं काही वाटत नाही. पण आपन काय करून राहिलो हे आपल्याले मालूम नसते, याचं भेव वाटते." अमरावतीला डोक्याच्या डॉक्टरकडे त्यांना मीच घेऊन गेलो होतो. हो, मीच. बाहेरच्या बाकावर मी त्यांची चप्पल सांभाळत बसलो. डॉक्टर म्हणाले, काही दोष नाही, स्मरणशक्ती उत्तम आहे. परत येताना दिलीपराव म्हणाले, "डाक्टरलेबी समजलं नाही." तेव्हा सांगायचं होतं. वलगावचा तोच पूल लागला. मी गाडीचा गिअर बदलला आणि विचारलं, उसाचा रस घ्यायचा का?

आणि माझं काय झालं? माझं चांगलं झालं. त्या अपघातानंतर आमच्या रविवारच्या मंडळींत मी सुरक्षिततेवर बोलायला लागलो. लोक ऐकतात, कारण माझ्या घरात घडलंय. "लाइन गेली की आधी लाल बटण दाबा, स्विच कितीही चांगला असो" — हे मी आता सांगतो. खरंच सांगतो. एकदोनदा दिलीपराव अमरावतीला आलेले असताना त्यांनाही बसवलं. नवीन माणसांपुढे त्यांनी तो हात वर करून दाखवला. म्हणाले, "मशीनचा काही दोष नव्हता. भाऊनं सारं सांगतलं होतं. माह्याच चुकीनं झालं." लोक हळहळले. मी बाजूला हाताची घडी घालून उभा होतो. दहाही बोटं शाबूत असलेले हात.

पुढे मी त्यांच्यासाठी एक जिग बनवला. रोप एका बाजूने धरून ठेवायचं, पट्टीचं टोक चापात अडकायचं, म्हणजे उरलेल्या बोटांनी डोळा बांधता यावा. काम बरं झालं होतं. त्यांनी आठवडाभर खटपट केली, मग तो मांडवात खुंटीला लावून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला वंदना तो दाखवते. "साळा असावा तं असा," लोक म्हणतात. तुम्हाला वाटेल, पश्चात्तापातून बनवला असेल. मलाही तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण बनवताना मी त्या चापाच्या स्प्रिंगवर खूश होतो.

सांगून का टाकलं नाही, असं तुम्ही विचाराल. सुरुवातीला वाटायचं, वंदनाचं माहेर तुटेल. हे फार सोयीचं कारण होतं. माहेर मला सांभाळायचंच नव्हतं, मला माझं नाव सांभाळायचं होतं. मग वाटायला लागलं, आता सांगून बोटं थोडीच येणार? हेही सोयीचं. बोटं येणार नाहीत, पण तो माणूस रात्री नीट झोपेल, गाडी चालवेल, बायकोच्या नजरेला नजर देऊन म्हणेल की मी खोटं बोललो नव्हतो. एका वाक्याचं काम आहे. ते वाक्य मी आंघोळ करताना, रस्त्याने चालताना कितीदा मनात जुळवलंय. जुळवायला मी हुशारच आहे.

हा मजकूर मी त्यांना दाखवणार आहे का? नाही. नावं बदलली आहेत.

गेल्या महिन्यात चांदूर बाजारला गेलो होतो. वंदनानं जेवायला बोलावलं होतं. पानं मांडली होती, आणि ती आतून म्हणाली, विहिरीवरची मोटार बंद करून या. दिलीपराव उठले. मीही पाय मोकळे करायला त्यांच्यासोबत गेलो. त्यांनी डाव्या हातानं मोटार बंद केली. पाण्याचा आवाज थांबला. आम्ही परत निघालो. बांधापर्यंत आल्यावर ते थबकले, मागे वळून पाहिलं, आणि मला म्हणाले, "भाऊ, मी बंद केली नं? तुमी पाह्यलं नं?"

मी म्हणालो, "हाव, केली."

त्यांचा चेहरा सैल झाला. "तुमी म्हंता तं झाली असन," ते म्हणाले. "तुमी सोबत असले म्हनजे मले बरं वाटते."

आम्ही घरात आलो. वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर होती, वर वंदनानं तेल वाढलं. दिलीपराव डाव्या हातानं जेवत होते. वंदनानं विचारलं, अजून भाकर घेशील का दादा? मी घेतली.